डावीकडून उजवीकडे

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत. तिच्यासमोर कुणी उभं राहिलं तर तिला भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, दाराची चौकट दिसते, बाजूच्या कुंडीतली तुळस दिसते. माणसाच्या जागी मात्र नुसता धूर. म्हणून ती कशाकडेच समोरून बघत नाही. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. 'कोंबडी दाण्याकडे बघते ना, तशी,' असं तीच म्हणते आणि वर हसते.

२०२४च्या एप्रिलअखेर ती सांगलीहून आमच्याकडे मिनेसोटाला आली. मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येला ईडन प्रेरी नावाचं उपनगर आहे, तिथे आम्ही राहतो. आपल्याकडचे आईवडील अमेरिकेत येतात ते साधारण याच दिवसांत, बर्फ वितळल्यावर, आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत परततात. जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. एवढ्या लांबलचक संध्याकाळचं करायचं काय, हा ज्या ज्या घरी आईवडील येतात त्या घरचा प्रश्न. देऊळ झालं, मॉल झाला, मंडळाचा कार्यक्रम झाला, मग पुढे? आमच्याकडे तो प्रश्न बायकांच्या बास्केटबॉलने सोडवला. तोही अपघाताने.

३ मे, शुक्रवार. आमच्या मिनेसोटा लिंक्सचा, म्हणजे इथल्या बायकांच्या व्यावसायिक संघाचा, हंगामाआधीचा सराव सामना होता, शिकागो स्कायशी, डाउनटाउनमधल्या टार्गेट सेंटरमध्ये. शिकागोकडून एंजल रीस आणि कमिला कार्डोसो कॉलेज सोडून पहिल्यांदाच व्यावसायिक संघातून उतरणार होत्या. आई नुकतीच आलेली, तिची झोप उलटीपालटी, म्हणून मी तिकीट काढलं नव्हतं. डब्ल्यूएनबीए या बायकांच्या लीगच्या ॲपवर, म्हणजे लीग पासवर, सामना दिसेल असं आधी लिहिलेलं होतं. दिसला नाही. यादीत चुकून आला होता म्हणे. गंमत अशी, की त्याच संध्याकाळी टेक्ससमध्ये कॉलेजातून गाजून आलेल्या केटलिन क्लार्कचा पहिला सराव सामना मात्र त्याच लीग पासवर व्यवस्थित चालू होता.

मग टार्गेट सेंटरमध्ये बसलेल्या एका प्रेक्षक बाईने आपला फोन उचलून धरला आणि सामना थेट दाखवायला सुरुवात केली. ट्रायपॉड नाही, परवाना नाही, जाहिराती नाहीत. चार लाखांहून जास्त वेळा तो फोन बघितला गेला. बघणाऱ्यांतली एक मी. ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात हलणारं चित्र, आणि समोर टेबलाशी आई लसूण सोलत बसलेली. लसूण सोलायला डोळे लागत नाहीत, म्हणून ते काम ती कुणाला करू देत नाही.

"काय चाललंय गं?"

"मॅच. बास्केटबॉलची. बायकांची."

"मग कुणी बोलत का नाहीये?"

मी फोनकडे बघितलं. खरंच कुणी बोलत नव्हतं. लोकांचा गलका होता, बुटांचा चरचराट होता, भोंगा होता, मैदानातल्या लाउडस्पीकरवरचा घुमणारा आवाज होता. समालोचन नव्हतं. ज्याला चित्र दिसतं त्याला ते नसल्याचं जाणवतही नाही. आईला पहिलं तेच जाणवलं.

"मग तू बोल," ती म्हणाली.

मी बोलायला लागले. मिनिटभरात ती वैतागली. "नुसतं 'अरे... गेला... हां... आला' काय करतेस? कुणाचा गेला? कुठे गेला?"

तिचं बोलणं तसं बरोबरच होतं. मी शाळेत आणि पुढे कॉलेजात बास्केटबॉल खेळलेय, नियम मला पाठ आहेत, पण दिसतंय ते न दिसणाऱ्याला सांगणं हे वेगळंच कसब आहे. ते कसं करतात हे मी पूर्वी ऐकलं होतं, लक्ष देऊन मात्र नाही. २०११ साली आम्ही इथे नवे होतो. ऑफिसातून परतताना गाडीच्या रेडिओवर लिंक्सचा सामना लागायचा. सिमोन ऑगस्टस, लिंडसे व्हेलन, रिबेका ब्रन्सन, आणि त्याच वर्षी आलेली माया मूर. लिंक्सनी त्या वर्षी पहिलं विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या सहा वर्षांत आणखी तीन. रेडिओवरचा निवेदक चेंडू उडायच्या आधी एक वाक्य न चुकता म्हणायचा: लिंक्स तुमच्या रेडिओच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे. अमेरिकेतल्या रेडिओ समालोचनाची ही जुनी रीत. जुन्या रेडिओवर काटा जसा सरकायचा, तसं ऐकणाऱ्याने मैदान डोक्यात आडवं मांडायचं. एवढं एक वाक्य मिळालं की बाकीचं घर माणूस स्वतः बांधतो.

"आई, आपल्या घरच्या मर्फीवर काटा सरकायचा, आठवतो? डावीकडून उजवीकडे. लिंक्स तशा चालल्यात. त्यांना तुझ्या उजव्या हाताकडच्या कड्यात चेंडू टाकायचाय. मध्यंतरानंतर उलट."

तिने लसणाची पाकळी खाली ठेवली, दोन्ही हात टेबलावर पसरले, डावा इकडे, उजवा तिकडे. "हं. सांग आता."

आईने आयुष्यभर आकाशवाणीवर क्रिकेट ऐकलं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन तिच्या कानात इतकं बसलंय की अजूनही टीव्हीवरच्या सामन्याला ती 'कॉमेंट्री कच्ची आहे' म्हणते. पण क्रिकेट रेडिओसाठीच जन्माला आल्यासारखं आहे. चेंडू पडतो, संपतो, गोलंदाज परत जातो. तेवढ्या वेळात क्षेत्ररचना सांगून होते, हवा सांगून होते, पॅव्हिलियनच्या बाजूच्या झाडांवर दोन वाक्यं होतात. बास्केटबॉलमध्ये चोवीस सेकंदांत कड्याकडे चेंडू टाकावाच लागतो, टाकला की तो दुसरीच्या हातात, आणि सगळ्या दहाजणी उलट्या दिशेला. श्वास घ्यायचा कधी? पहिल्या आठवड्यात माझं समालोचन खेळाच्या सात-आठ सेकंद मागे असायचं. जाळी हलून गेलेली आणि मी अजून मधल्या रेषेवर. टीव्हीवरचा माणूस ओरडायचा आणि आई म्हणायची, "हा ओरडला. तू अजून कुठे फिरत्येस?"

गुण सांगायला तर मी हमखास विसरायचे. रेडिओवरच्या माणसाची ही पहिली चूक समजतात, कारण गाडीत बसून आत्ता रेडिओ लावलेल्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. रेड बार्बर हे बेसबॉलचे जुने, नावाजलेले निवेदक समोर अंडी उकडायचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की गुण सांगायचे, घड्याळ उलटायचं. माझ्यासमोर आई होती. वाळूपेक्षा लवकर संपायची. "किती झाले?"

आणि शब्द. पिक अँड रोल मराठीत कसं सांगणार? आम्ही खेळायचो तेव्हा इंग्रजीच शब्द वापरायचो, डोकं वापरायची गरजच पडली नव्हती. आई शाळेत खो-खो खेळलेली. सांगलीत मोठं झालेल्या मुलीला खो-खो शिकवावा लागत नाही. मी वर्णन करायचे आणि तीच शब्द पुरवायची. एकीने वाट अडवून उभं राहायचं आणि चेंडूवालीने तिच्या खांद्याला घासून निसटायचं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे खांबाचा आडोसा घेतला." इकडे जाते दाखवून तिकडे गेली? "हुलकावणी." जमिनीवर लोळत जाऊन चेंडू पकडला? "सूर मारला, आणखी काय." रीबाउंडला मात्र आमचा दोघींचा तोडगा निघाला नाही. फळीवरून परतलेला चेंडू, एवढं म्हणेपर्यंत तो तिसरीकडे पोचलेला असायचा. शेवटी 'परतला' एवढंच ठेवलं. परतला, फीने घेतला.

फी म्हणजे नफीसा कॉलियर, लिंक्सची सर्वांत मोठी खेळाडू. इथे तिला सगळे फी म्हणतात. "शाळेची फी असते तशी?" आईने विचारलं, आणि नंतर सहा महिने कॉलियरने बास्केट केला की "फी भरली" म्हणायची. माझी मुलगी हे वाक्य तिच्या शाळेत मैत्रिणींना समजावून सांगायला गेली आणि हात हलवत परत आली.

या सगळ्या धडपडीत एक गोष्ट मला मराठीनेच दाखवली. इंग्रजीत समालोचन करताना क्रियापद बाईचं की पुरुषाचं हे कळत नाही, त्यामुळे इंग्रजीवाल्यांना हा प्रश्नच नाही. मराठीत मी लहानपणापासून जे खेळाचं वर्णन ऐकलं ते सगळं 'धावला, वळला, झेपावला, पडला, उठला'. सामना सांगायला तोंड उघडलं की जीभ आपोआप तिकडे जाते. पहिल्या दोन दिवसांत मी चक्क "कॉलियर वळला" म्हणाले, दोनदा. मग आवर्जून 'वळली, उडाली, निसटली, आपटली, उठली' म्हणू लागले आणि ते कानाला नवं लागलं. व्याकरणाची आणखी एक खोडी आहे. हातात चेंडू नसेल तेव्हा क्रियापद तिचं असतं: धावली, थांबली. चेंडू हातात आला की क्रियापद चेंडूकडे जातं: तिने चेंडू घेतला, वळवला, टाकला. तिथे खेळणारी बाई की बुवा, क्रियापदाला काही देणंघेणं नाही. त्यावर उपाय वर्तमानकाळाचा. घेते, वळवते, टाकते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, स्वयंपाकघरात समजलं. आणि चांगले निवेदक वर्तमानकाळात का बोलतात तेही तेव्हाच समजलं.

तो ३ मेचा फोन माझ्या डोक्यातून जाईना. इतकी माणसं बघायला तयार, आणि दाखवणारं कुणी नाही. महिनाभरापूर्वीच, एप्रिलमध्ये, बायकांच्या कॉलेज बास्केटबॉलची अंतिम लढत, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली होती. पुरुषांची अंतिम लढत १ कोटी ४८ लाखांनी. बायकांचा आकडा वर जायची ती पहिलीच वेळ. आठवड्याभराने डब्ल्यूएनबीएचा ड्राफ्ट झाला, म्हणजे कोण कोणत्या संघात जाणार ते वाचून दाखवायचा कार्यक्रम. चेंडूसुद्धा नसतो त्यात, आणि तोही साडेचोवीस लाखांनी पाहिला. अशा वेळी ॲपवर सामनाच नाही! याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. सवय म्हणेन. यांचा सामना कुणी शोधत येईल अशी कल्पनाच करायची सवय नव्हती.

खरं तर ही लीग टीव्हीच्या वेळापत्रकातूनच जन्मलेली आहे. १९९६ साली अमेरिकेत बायकांच्या एक सोडून दोन व्यावसायिक लीग उभ्या राहिल्या. एक अमेरिकन बास्केटबॉल लीग, ती हिवाळ्यात खेळायची, म्हणजे बास्केटबॉलच्या खऱ्या हंगामात. पगार बरे होते, खेळाडूही तोलामोलाच्या होत्या. दुसरी डब्ल्यूएनबीए, पुरुषांच्या एनबीएच्या पाठबळावर उभी, जी १९९७च्या उन्हाळ्यात सुरू झाली. उन्हाळाच का? पुरुषांचे संघ सुट्टीवर, त्यांची स्टेडियम रिकामी आणि टीव्हीच्या वेळाही रिकाम्या. एनबीसी, ईएसपीएन आणि लाइफटाइम अशा तीन वाहिन्या पहिल्या दिवसापासून ठरलेल्या. हिवाळ्यातल्या लीगला पुरुषांच्या बास्केटबॉलच्या आणि फुटबॉलच्या गर्दीत टीव्हीवर धड जागा मिळाली नाही, जागा नाही म्हणून जाहिरातदार नाहीत, आणि १९९८च्या डिसेंबरात, तिसरा हंगाम अर्ध्यावर असताना, तिने गाशा गुंडाळला. मला त्या लीगबद्दल अजून चुटपुट वाटते. खेळ चांगला असून भागत नाही.

म्हणजे आईवडील ज्या महिन्यांत येतात त्याच महिन्यांत ही लीग का असते, याचं उत्तर हे. दोघांनाही रिकामी जागा उन्हाळ्यातच मिळते.

पहिला सामना २१ जून १९९७चा. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडमधलं फोरम, १४,२८४ प्रेक्षक, लॉस एंजेलिस स्पार्क्स विरुद्ध न्यूयॉर्क लिबर्टी, एनबीसीवर थेट. माइकवर हॅना स्टॉर्म आणि ॲन मायर्स, दोघीही बायका. मायर्स स्वतः अशी खेळाडू की १९७९ साली पुरुषांच्या इंडियाना पेसर्सनी तिच्याशी करार केला होता. संघात जागा मिळाली नाही, पण माइक मिळाला. या पहिल्या सामन्यात स्पार्क्सच्या लिसा लेस्लीने कड्यावरून चेंडू कोंबायचा, म्हणजे डंक करायचा प्रयत्न केला आणि तो हुकला. टीव्हीला डंक हवाच असतो, पाच सेकंदांच्या झलकेत तो छान बसतो. लेस्लीने तो केला, पण पाच वर्षांनी, २००२च्या जुलैत. मधल्या वर्षांत या बायकांनी जे केलं, जे पास, जे बचाव, जे पायांचं काम, ते झलकेत बसत नव्हतं म्हणून ते घडलंच नाही असं मानणारे पुष्कळ.

न्यूयॉर्कने तो सामना ६७-५७ असा जिंकला. त्या लिबर्टी संघात रिबेका लोबो नावाची उंच मुलगी होती. तिचं नाव लक्षात ठेवा.

टीव्हीवर बायकांचं बास्केटबॉल कुणी बघत नाही हे वाक्य मी इथे इतक्या पार्ट्यांत ऐकलंय की आता मी त्याला आयोवाने उत्तर देते. आयोवा म्हणजे आमच्या दक्षिणेचं राज्य, मक्याचं आणि डुकरांचं. तिथे शाळकरी मुली सहा-सहाच्या संघांनी वेगळ्याच नियमांनी खेळायच्या. तिघी फक्त टाकणाऱ्या, तिघी फक्त अडवणाऱ्या, मधली रेषा ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच आपटायचा. त्यांची राज्य स्पर्धा टीव्हीवर लागली की गावंच्या गावं सेटसमोर बसायची. १९६८च्या अंतिम सामन्यात डेनिस लाँगने ६४ गुण केले आणि समोरच्या जनेट ओल्सनने ७६. तरी लाँगचा संघ जादा वेळेत ११३-१०७ जिंकला. केटलिन क्लार्क आयोवाचीच. हे आभाळातून पडलेलं नाही.

मात्र दाखवणं आणि दाखवणं यात फरक असतो, हे लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे एकदा बघितलं तरी समजतं. मोठ्या सामन्याला कड्याखाली जमिनीलगत कॅमेरा असतो. तिथून सहा फुटी बाई उडाली की छताला लागेल असं वाटतं. तोच बास्केट वरच्या एकाच लांबच्या कॅमेऱ्याने दाखवला तर कॅरम चालल्यासारखा दिसतो. वर्षानुवर्षं बायकांचे सामने कमी कॅमेऱ्यांनी, कमी रीप्लेंनी दाखवायचे आणि मग म्हणायचं, यांचा खेळ जरा संथ वाटतो. आवाजाचंही तसंच. जुन्या चित्रफितींत निवेदक पुरुषांना आडनावाने आणि बायकांना पहिल्या नावाने हाक मारताना ऐकू येतात, जणू भाच्यांच्या गॅदरिंगला आलेत. शेरिल कुकी आणि मायकल मेसनर या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९पासून दर पाच वर्षांनी टीव्हीवरच्या क्रीडाबातम्यांची मिनिटं मोजली. २०१९ सालीसुद्धा त्यातली ९५ टक्के मिनिटं पुरुषांची निघाली. तीस वर्षं मोजत राहणाऱ्यांच्या चिकाटीचं कौतुक करावं की मोजलेल्याचं दुःख, समजत नाही.

डॉरिस बर्क यांचा आवाज आईला आवडायचा. पुरुषांच्या सामन्यांचं विश्लेषण करतात त्या, जूनमध्ये एनबीएची अंतिम फेरी चालू होती तेव्हा ऐकला. "ही बाई घाईत नाही," आई म्हणाली. अमेरिकेच्या टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम फेरीचं विश्लेषण बाईने करायची ती पहिलीच वेळ होती. बर्कनी सुरुवात केली होती १९९० साली, प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या मुलींच्या सामन्यांपासून, रेडिओवर; पुढे न्यूयॉर्क लिबर्टीचा आवाज झाल्या. मला वाटतं ती न घाबरता थांबायची सवय रेडिओची. न बोलता राहिलेली जागा ऐकणारा भरतो, हे ज्याने एकदा अनुभवलं तो टीव्हीवर बडबडत नाही.

जुलैत बातमी आली: डिस्नी, ॲमेझॉन आणि एनबीसी या तिघांशी लीगचा अकरा वर्षांचा करार, २०२६पासून, वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर. बायकांच्या व्यावसायिक लीगला टीव्हीने हक्कांचे रोख पैसे मोजायला सुरुवात केली तीच मुळी ईएसपीएनच्या २००७ सालच्या करारापासून. त्याआधी वेळ मिळाली हेच उपकार. आईला मी हे रुपयांत करून सांगितलं. तिने विचारलं, "आणि मुलींना किती?" क्लार्कचा पहिल्या वर्षीचा पगार ७६,५३५ डॉलर, असं सांगितल्यावर ती काही बोलली नाही. लसूण सोलत राहिली.

आमचंही गाऱ्हाणं होतंच. आमचे इतके सामने इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असायचे, की एक या वाहिनीवर, एक त्या ॲपवर, एक जिथे आम्ही राहतो तिथेच 'स्थानिक निर्बंध' म्हणून बंद. संघाच्या दारात राहून संघ दिसेना. नवरा तिसऱ्या महिन्याचं बिल बघून म्हणाला, यापेक्षा तिकीट काढून जा.

म्हणून १६ ऑक्टोबरला गेलो. अंतिम फेरीचा तिसरा सामना, लिंक्स विरुद्ध लिबर्टी, मालिका १-१. पहिला सामना ब्रुकलिनमध्ये लिंक्सनी अठरा गुणांची पिछाडी भरून काढून जादा वेळेत जिंकलेला. तो घरी बघताना, शेवटच्या साडेपाच सेकंदांवर कोर्टनी विल्यम्सने लांबून तीन गुणांचा चेंडू टाकता टाकता धक्का खाल्ला आणि चेंडू आत गेला, तेव्हा मी सांगायचंच विसरले होते. तोंड उघडं, आवाज नाही. आईनेच सांगितलं: "बाकावरच्या उठल्या. गेला ना?" तिला चित्राच्या कडेला बसलेल्या राखीव खेळाडू दिसल्या होत्या. कडा शाबूत आहेत म्हणाले ना मी.

टार्गेट सेंटरमध्ये १९,५२१ माणसं होती. लिंक्सच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधी झालेली नाही. मैदानात समालोचन नसतं, हे मी विसरले होते. शिवाय गोंगाट असा की मी आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते आणि तरी तिला निम्मंच पोचत होतं. "डावीकडून उजवीकडे!" एवढं पोचलं. तिने मांडीवर हात पसरले. पहिल्या अर्ध्यात लिंक्स पुढे, बरेच पुढे, मग न्यूयॉर्क हळूहळू जवळ, मग बरोबरी. आमच्या मागच्या बाकावर एक आजोबा आपल्या नातीला सगळं समजावत होते आणि आई मधेच मागे कान करून ते ऐकत होती. मला जरा रागच आला. माझा श्रोता पळवत होते.

७७-७७. शेवटचे काही सेकंद. सब्रिना आयोनेस्कू मधल्या रेषेच्या अलीकडून चेंडू आपटत येते, थांबते, मागे सरते. तीनच्या रेषेपासून कितीतरी लांब. मी हे आईला सांगत होते, वर्तमानकाळात, नीट, वेळेवर, सहा महिन्यांत पहिल्यांदा खेळाच्या बरोबरीने. "टाकते..."

आणि एकोणीस हजार माणसं गप्प झाली. दिवे गेल्यावर पंखा थांबतो तशी. त्या शांततेत फक्त न्यूयॉर्कच्या बाकावरून पाच-सहा बायकांचं ओरडणं ऐकू आलं, लांबून, बारीक.

आईने माझा हात दाबला. "सांगू नकोस," ती म्हणाली. "कळलं."

८०-७७. सेकंद उरला होता एक. गाडीत येताना आम्ही काही बोललो नाही.

चौथा सामना लिंक्सनी जिंकला, पाचवा ब्रुकलिनमध्ये २० ऑक्टोबरला झाला. तो घरी, टीव्हीवर. दोन गुणांनी पुढे असताना, पाच सेकंद उरलेले असताना, लिंक्सच्या अलाना स्मिथवर फाऊल दिला गेला. लिंक्सच्या प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांनी दाद मागितली, पंचांनी पडद्यावर पुन्हा बघितलं, निर्णय तोच. ब्रियाना स्टुअर्टने दोन्ही टाकले, बरोबरी झाली, आणि जादा वेळेत लिबर्टी ६७-६२. टीव्ही तो फाऊल वरून, खालून, संथ, अतिसंथ दाखवत राहिला आणि दरवेळी मी आईला तेच सांगत राहिले. शेवटी ती म्हणाली, "शिट्टी एकदाच वाजली ना? मग दहादा काय सांगतेस?" रीव्ह नंतर म्हणाल्या की आमचं जेतेपद चोरलं. आमच्या गल्लीत अजून तसंच म्हणतात.

तो सामना साधारण साडेएकवीस लाखांनी पाहिला. पंचवीस वर्षांत अंतिम फेरीचा कुठला सामना एवढा पाहिला गेला नव्हता. आणि माइकवर, रायन रुओको यांच्या शेजारी, होत्या रिबेका लोबो. लिबर्टीचं हे पहिलं विजेतेपद. १९९७च्या पहिल्या प्रक्षेपित सामन्यात त्या लिबर्टीच्या कपड्यांत होत्या, त्यानंतर संघ पाच वेळा अंतिम फेरीत हरला, आणि जिंकला तेव्हा त्या टेबलाशी बसून जगाला सांगत होत्या. आमचा संघ हरत होता तरी मला त्या आवाजाकडे कान द्यावेसे वाटले. मी गप्प बसले, आईला म्हटलं, आता हिचं ऐक.

आठ-नऊ दिवसांनी आई सांगलीला परत गेली. बॅगेत मेपलचं सरबत आणि लिंक्सची एक टोपी, जी ती सांगलीत कधीही घालणार नाही.

१६ मे २०२५, शुक्रवार संध्याकाळ. नव्या हंगामाचा लिंक्सचा पहिला सामना डॅलसला, आणि डॅलसकडून पहिल्यांदा उतरणार होती पेज ब्यूकर्स, आमच्या शेजारच्या हॉपकिन्सच्या शाळेत शिकलेली मुलगी. इथे सगळ्यांना प्रश्न, कुणाच्या बाजूने ओरडायचं. सांगलीत पहाटेचे पाच वाजत आले होते. फोन वाजला.

"सुरू झालं?"

"होतंय आई. तू एवढ्या लवकर?"

"जागीच होते. थांब, दूध ठेवलंय, बघून येते." गॅस बंद केल्याचा आवाज, भांड्यावर झाकण ठेवल्याचा, खुर्ची ओढल्याचा. मग तिचा श्वास, फोनच्या अगदी जवळ.

"हं. कुठून कुठे?"